रुग्ण रियाधमध्ये, दाता रत्नागिरीत: दुर्मिळ रक्तगटाचा प्रश्न आणि आपल्या जमाती

आखातातल्या मराठी किंवा कोकणी जमातीच्या कोणत्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक संदेश येतोच. "अर्जंट, ओ निगेटिव्ह हवे, अमुक हॉस्पिटल, रियाध. कृपया जास्तीत जास्त फॉरवर्ड करा." त्यावर तारीख नसते. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, कधी मय्यत दफन होऊनही महिना उलटलेला असतो, तरी संदेश दुबईहून कुवेतला, कुवेतहून खेडला आणि खेडहून पुन्हा दुबईला फिरत राहतो. ज्याचा नंबर त्यात असतो तो बिचारा शेवटी सिमकार्ड बदलतो.

हा गोंधळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आखाती देशांत आज जवळपास ९० लाख भारतीय राहतात. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या मुस्लिम वस्त्यांमध्ये एखादा मुलगा, जावई किंवा भाऊ तिकडे नाही असे घर शोधावे लागेल. अपघात होतो, बाळंतपण अवघड जाते, बायपास करावी लागते. अशा वेळी पैशाची सोय होते, विम्याची होते, भारत सरकारचा २००९ पासूनचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून अडचणीत सापडलेल्या माणसाला दूतावासामार्फत तातडीच्या उपचारासाठी मदत मिळू शकते. पण रक्त पैशाने बनत नाही. ते दुसऱ्या माणसाच्या शरीरातूनच यावे लागते, आणि तो माणूस नेमका सापडावा लागतो.

दुर्मिळ कुठे, हा पहिला प्रश्न

आपल्याकडे 'दुर्मिळ रक्तगट' म्हटले की लोक निगेटिव्ह म्हणतात. खरे तर दुर्मिळपणा रक्तात कमी आणि ठिकाणात जास्त असतो. भारतात शंभरात साधारण पाच माणसे आरएच निगेटिव्ह असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण पंधराच्या आसपास जाते. चीनमध्ये मात्र हजारात तीन-चार आणि जपानमध्ये हजारात पाच. चीनमध्ये निगेटिव्ह रक्ताला लोक बोलताना 'पांडा रक्त' म्हणतात, यावरून काय ते समजा. म्हणजे मिरजेच्या रक्तपेढीत फोनाफोनी करून तासा-दोन तासांत मिळेल असे रक्त चीनमधल्या एखाद्या शहरात एमबीबीएस शिकणाऱ्या आपल्या मुलाला मिळणे महाकठीण. आपल्या समाजातली किती मुले चीन, फिलिपीन्सकडे वैद्यकीय शिक्षणाला गेली आहेत, हे कुणाला वेगळे सांगायला नको. पासपोर्ट, फी, वसतिगृह, हलाल जेवण, सगळ्याची चौकशी होते. मुलाचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिथे काय करायचे, हे कुणी विचारत नाही.

नवऱ्याबरोबर पूर्व आशियात गेलेल्या निगेटिव्ह गटाच्या मुलींसाठी हा मुद्दा आणखी जवळचा आहे. नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते. जिथे हजारात तीन-चार बायकांनाच त्याची गरज पडते, तिथे ते प्रत्येक दवाखान्यात तयार असेलच असे धरून चालू नये. आधी विचारून ठेवलेले बरे.

पण निगेटिव्हपेक्षा कितीतरी अवघड गट आहेत, आणि त्यातला सर्वात गाजलेला आपल्याच शहराच्या नावाचा आहे.

केईएममध्ये सापडलेला गट

१९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही रुग्ण आढळले, ज्यांना कोणत्याही गटाचे रक्त जुळेना. ओ गटाचेही नाही. हे निरीक्षण त्याच वर्षी लॅन्सेट या नियतकालिकात छापून आले आणि जगाने त्या गटाला नाव दिले बॉम्बे ब्लड ग्रुप.

मामला असा आहे. ए आणि बी हे प्रतिजन रक्तपेशीवर थेट बसत नाहीत. त्यांच्याखाली एच नावाचा एक पाया लागतो, घराला जोतं लागतं तसा. ओ गटाच्या माणसाकडे नुसतं जोतं असतं, वर घर नसतं. बॉम्बे गटाच्या माणसाकडे जोतंच नसतं. त्यामुळे त्याचे शरीर ओ गटाच्या रक्तालाही परके समजते आणि त्या पेशी फोडून टाकते. अशा रुग्णाला साधे ओ गटाचे रक्त चढवले तर जीव धोक्यात येतो. २०२४ मध्ये इंदूरमधल्या एका महिलेबाबत नेमके असेच झाल्याच्या बातम्या होत्या. आधी ओ पॉझिटिव्ह समजून रक्त दिले गेले आणि प्रकृती ढासळली. तिच्यासाठी शिर्डीहून एक दाता चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून इंदूरला गेला.

अडचण ही की बोटाला सुई टोचून, काचपट्टीवर दोन थेंब घेऊन केलेल्या नेहमीच्या तपासणीत बॉम्बे गट 'ओ' म्हणूनच दिसतो. शाळेत, शिबिरात, लायसन्सच्या वेळी जे कार्ड मिळते त्यावर 'ओ' छापलेले असते आणि माणूस आयुष्यभर तेच सांगतो. खरे काय ते रक्तद्रवाची उलट तपासणी केल्यावर, क्रॉसमॅच न जुळल्यावर किंवा अँटी-एच ही चाचणी केल्यावर कळते. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो असे मानतात. युरोपात दहा लाखांत एक. म्हणजे लंडन किंवा टोरंटोच्या रुग्णालयात पडलेल्या आपल्या माणसासाठी तिथले शेजारीपाजारी रक्त द्यायला रांगेत उभे राहिले तरी उपयोग शून्य. त्याचा दाता बहुधा त्याच्या मूळ गावाकडच्या माणसांतच मिळणार.

धर्म नाही, प्रदेश

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण आपल्या ग्रुपवर ती सतत उलटी समजली जाते. "मुस्लिम भाईसाठी मुस्लिम डोनर हवा" अशा स्वरूपाचे संदेश आम्ही पाहिले आहेत. उम्मत एक आहे, यात वाद नाही. पण रक्तातले प्रतिजन कलमा बघत नाहीत, पिढ्यानपिढ्या कुठे राहिलो ते बघतात. चिपळूणच्या मुस्लिम रुग्णाला रक्त जुळण्याची शक्यता मोरोक्को किंवा तुर्कस्तानच्या मुसलमानापेक्षा शेजारच्या वाडीतल्या कुणबी किंवा मराठा शेजाऱ्याशी जास्त आहे.

अमेरिकेतले एक उदाहरण याबाबत डोळे उघडणारे आहे. २०१८ च्या अखेरीस फ्लोरिडात दोन वर्षांच्या एका मुलीला न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग झाला. घर पाकिस्तानी वंशाचे. उपचारासाठी वारंवार रक्त लागणार होते, पण तिच्या रक्तपेशींवर 'इंडियन बी' नावाचा प्रतिजन नव्हता. जगातल्या जवळजवळ सगळ्या माणसांमध्ये तो असतो. तिथल्या वनब्लड या रक्तसंस्थेने जाहीर आवाहन केले: दात्याचे आई आणि वडील दोघेही पाकिस्तानी, भारतीय किंवा इराणी वंशाचे हवेत, गट ए किंवा ओ हवा. धर्म विचारला नव्हता. हजारावर लोकांचे नमुने तपासल्यावर सुरुवातीला तीन दाते मिळाले, दोन अमेरिकेत आणि एक थेट ब्रिटनमध्ये. या 'इंडियन' गटाचे नाव तरी कुठून आले? १९७३ मध्ये मुंबईच्याच संशोधकांनी भारतीयांच्या रक्तात या गटातला प्रतिजन पहिल्यांदा नोंदवला म्हणून. म्हणजे फ्लोरिडातल्या त्या मुलीच्या उपचाराची एक वाट परळच्या प्रयोगशाळांवरून गेलेली आहे.

आता उलट बाजू बघा. अमेरिकेत किंवा युरोपात आपल्या वंशाचे लोक रक्त द्यायला गेले की पुष्कळदा दारातूनच परत पाठवले जातात. कारण मलेरिया. भारतासारख्या देशात सुट्टी घालवून आलेल्या माणसाला अमेरिकेत तीन महिने थांबावे लागते, आणि जो अशा देशात वर्षानुवर्षे राहून नुकताच तिकडे गेला आहे त्याला तीन वर्षे. नियम सुरक्षिततेसाठी आहे, चूक म्हणता येत नाही. पण परिणाम असा की ज्यांचे रक्त जुळेल तेच लोक दर ईदला, दर लग्नाला गावी येतात आणि परत गेल्यावर दाता म्हणून बाद ठरतात.

आखातात वेगळीच भीती आहे, जी उघड कुणी बोलत नाही. दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, अशा आजारांसाठी तपासणी होते. काही निघाले तर? एचआयव्ही आढळल्यास तिथल्या बहुतेक देशांत परदेशी कामगाराला परत पाठवले जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. कंपनीच्या कॅम्पमध्ये राहणारा, कर्ज काढून गेलेला पोरगा मग म्हणतो, नको रे बाबा, कशाला लफडं. त्याला दोष देणे सोपे आहे. आमचे म्हणणे एवढेच की शंका असेल तर गावी असताना गुपचूप तपासून घ्यावे.

रक्त पाठवायचे की माणूस?

दाता भारतात आणि रुग्ण परदेशात असेल तर काय होते, याची दोन उदाहरणे आहेत.

२०१७ मध्ये म्यानमारच्या यांगून शहरात हृदयशस्त्रक्रिया व्हायची असलेल्या एका महिलेला बॉम्बे गटाचे रक्त हवे होते. तिथे मिळेना. बंगळुरूच्या संकल्प इंडिया फाउंडेशनच्या मदतीने कर्नाटकातल्या दावणगेरेहून दोन पिशव्या कुरिअरने, थंड पेटीतून यांगूनला पोहोचल्या. दुसरे उदाहरण २०२२ चे. सौदीत सात वर्षांच्या एका मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी याच गटाचे रक्त हवे होते, तेव्हा केरळमधल्या रक्तदात्यांच्या संघटनेमार्फत चार दाते स्वतः विमानात बसून तिथे गेले आणि रक्त देऊन आले. त्यातले बहुतेक मुस्लिम होते, ही नोंद अभिमानासाठी नाही, तर केरळच्या मुस्लिमांनी जे जमवले ते आपल्याला का जमत नाही, हे विचारण्यासाठी.

दोन्ही मार्गांना आपापल्या अडचणी. तांबड्या पेशी दोन ते सहा अंश तापमानात ठेवाव्या लागतात आणि योग्य द्रावणातही फार तर ४२ दिवस टिकतात. विमानतळावर पेटी अडकली, कस्टमने कागद मागितला, कडक उन्हात गाडी थांबली की संपले. शिवाय दोन्ही देशांची परवानगी लागते, आणि परक्या देशात तपासलेले रक्त स्वीकारायला तिथले रुग्णालय तयार असावे लागते. माणूस पाठवला तर व्हिसा, तिकीट, कामावरची रजा हे सगळे येते, पण रक्ताची तपासणी तिथल्याच रक्तपेढीत, तिथल्याच नियमांनी होते. डॉक्टरला हे जास्त पटते. खर्च कुणी करायचा, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो रुग्ण आयसीयूत असताना सोडवायचा नसतो.

रक्त गोठवून ठेवण्याचे तंत्रही आहे. ग्लिसरॉल मिसळून अतिथंड तापमानात तांबड्या पेशी दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. महागडी सोय आहे, मोजक्याच ठिकाणी असते. शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल तर यापेक्षा सोपा उपाय म्हणजे रुग्णाचेच रक्त काही आठवडे आधी काढून त्याच्यासाठी राखून ठेवणे. बॉम्बे गटाच्या माणसाने ऑपरेशनची तारीख घेतानाच सर्जनला हे विचारावे. सर्जन स्वतःहून सुचवेल याची वाट पाहू नये.

जगभरातल्या दुर्मिळ दात्यांची एक आंतरराष्ट्रीय यादीही आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या रक्तगट संदर्भ प्रयोगशाळेत ती जागतिक आरोग्य संघटनेसाठी सांभाळली जाते. आपल्याकडे मुंबईत, केईएमच्याच आवारातल्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेने दुर्मिळ रक्तदात्यांची नोंदवही उभी केली आहे. परदेशातल्या डॉक्टरने आपल्या रक्तपेढीमार्फत अशा यादीत विचारणा केली तर उत्तर मिळू शकते. व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डला ते मिळत नाही. यादीत नाव असलेला दाता तपासलेला असतो, ग्रुपवरचा "मी ओ आहे भाई, येतो" म्हणणारा नसतो.

घरातला दाता, आणि घरातला संशय

दुर्मिळ रक्ताचा दाता शोधायची पहिली जागा म्हणजे सख्खी भावंडे. बॉम्बे गट आई आणि वडील दोघांकडून लपलेले जनुक आले तरच दिसतो. एका मुलात तो निघाला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीत तो असण्याची शक्यता चारात एक. दहा हजारांत एक कुठे आणि चारात एक कुठे! तरी कित्येक कुटुंबांत भावंडांची तपासणी होत नाही. बहिणीचे लग्न व्हायचे आहे, कशाला तिच्या नावावर काही निघायला हवे, असे म्हणून टाळतात. बॉम्बे गट हा आजार नाही. त्या माणसाचे आयुष्य, प्रकृती, मुलेबाळे सगळे इतरांसारखेच असते. फक्त रक्त लागले तर ते त्याच गटाचे लागते.

नात्यात निकाह केल्याने अशी लपलेली जनुके समोरासमोर येण्याची शक्यता वाढते, हे विज्ञान सांगते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चुलत-मावस भावंडांतल्या लग्नांवरून आपल्याला बोल लावले जातात. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत किती हिंदू जातींमध्ये आहे, दक्षिणेत तर मामा-भाचीचे लग्न होते, हे टीकाकार सोयीने विसरतात. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. ज्या घरात पिढ्यानपिढ्या नात्यातच सोयरिकी झाल्या आहेत, त्या घराने रक्ताची नीट तपासणी इतरांपेक्षा आधी करून घ्यावी, इतकेच.

आणखी एक गोष्ट, जी कुठे छापून येत नाही पण घरे मोडते. आईबाप दोघांच्या कार्डावर 'ओ' आणि मुलाचा गट 'बी' निघाला की सासरी कुजबुज सुरू होते. शाळेत शिकवलेल्या नियमाप्रमाणे दोन ओ गटांच्या आईबापांना बी गटाचे मूल होत नाही. पण आई प्रत्यक्षात बॉम्बे गटाची असेल, तर तिच्यात बी गटाचे जनुक असूनही ते दिसत नाही. बापाकडून एचचा पाया मिळाला की मुलात तो बी उघड होतो. निष्पाप बाईवर तोहमत लावण्याआधी एक रक्तचाचणी करायला काय जाते? बोहतानची सजा किती कडक आहे, हे आपल्या घरांत ठाऊक नसलेली गोष्ट नाही. चाचणी न करता बोलणाऱ्या दीर-नणंदांनी ते आठवावे.

दीन काय म्हणतो

रक्तदान जायज आहे का, हा प्रश्न अजूनही येतो. सर्वसाधारणपणे उलेमांचे मत असे की गरजेच्या वेळी, देणाऱ्याला अपाय होत नसेल तर रक्त देणे जायज आहे. विकणे नाही. सूरह माइदाची बत्तीसावी आयत प्रत्येक रक्तदान शिबिराच्या बॅनरवर असते, तिच्यावर आम्ही वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. विकण्याबाबत देशाचा कायदाही तेच सांगतो. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. दात्याला परदेशी नेताना तिकीट आणि राहण्याचा खर्च देणे वेगळे आणि 'बॉम्बे ब्लड आहे, किती देता' असे विचारणारा दलाल वेगळा. असा फोन आला तर पोलिसांकडे जावे.

रोज्यात रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, हे हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांचे मत आहे, म्हणजे घाटावरच्यांना आणि कोकणातल्यांना दोघांनाही लागू. अशक्तपणा येऊन रोजा सोडावा लागेल अशी भीती असेल तर टाळावे. रमजानमध्ये रक्तपेढ्यांत दाते कमी होतात. इफ्तारनंतर शिबिर घेणाऱ्या मशिदींचे म्हणूनच कौतुक करावेसे वाटते.

शिबिरांबद्दल मात्र एक तक्रार आहे. ईद-ए-मिलाद, मुहर्रम, कुण्या नेत्याचा वाढदिवस, शिबिर होते, फोटो येतो, ट्रॉफी वाटली जाते. पुरुषाने पुन्हा रक्त देण्याआधी ९० दिवस आणि स्त्रीने १२० दिवस थांबायचे असते. ज्याचा गट खरोखर दुर्मिळ आहे त्याने आपले रक्त दर शिबिरात देऊन टाकण्यापेक्षा बोलावणे येईल तेव्हा देता यावे म्हणून तयार राहणे जास्त उपयोगाचे. हे त्याला कुणी सांगत नाही. दोनशे पिशव्यांचा आकडा पूर्ण व्हायचा असतो ना! त्या दोनशेतल्या ओ गटाच्या दात्यांची अँटी-एच चाचणी झाली का, हे विचारणारा ट्रस्टी आम्हाला अजून भेटायचा आहे.

जमातींकडे सगळी साधने आहेत. गावात नोंदवही आहे, मुंबईत ऑफिस आहे, दुबई-कुवेत-दोह्यात शाखा आहेत, वर्गणी आहे. मय्यत गावी आणण्याचे काम त्या रात्रीत करतात, त्याबद्दल त्यांना सलाम. त्याच नोंदवहीत रक्तपेढीने खात्री केलेला रक्तगट लिहिता येईल, फक्त तोंडी सांगितलेला नाही. दात्यांचे नंबर ग्रुपवर न टाकता दोन जबाबदार माणसांकडे ठेवता येतील. एखाद्या बॉम्बे गटाच्या दात्याचा पासपोर्ट चालू आहे का, हेही विचारून ठेवता येईल. केरळचे चार दाते जाऊ शकले, कारण त्यांच्याकडे निघण्याजोगी कागदपत्रे होती.

मे महिन्यात आणि ईदला माणसे गावी येतात. ज्या घरात एकाचा गट बॉम्बे निघाला आहे किंवा क्रॉसमॅच कधी जुळला नव्हता असे कुणी सांगितले आहे, त्या घराने परदेशात राहणाऱ्या भावाला परतीच्या फ्लाइटआधी मोठ्या रक्तपेढीत न्यावे, संपूर्ण गटतपासणी करून घ्यावी आणि अहवालाची एक प्रत त्याच्या पासपोर्टबरोबर ठेवावी, दुसरी घरी. अहवाल इंग्रजीत मागून घ्यावा, तिकडच्या डॉक्टरला वाचता यायला हवा.